मक्यातली काळी चिलटं कुणाची? अंड्यांवरच्या परोपजीवींच्या ओळखीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या एका गटाने खरिपात मुरघासासाठी १४ एकर मका केला होता. मुरघासाला हिरवा पाला हवा, आणि लष्करी अळी पोंग्यात बसून नेमका तोच खाते. ही अळी २०१८ च्या मे महिन्यात आधी कर्नाटकात सापडली, त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. चारा गाईंच्या पोटात जाणार म्हणून फवारण्या कमीत कमी ठेवायच्या आणि भर मित्रकीटकांवर द्यायचा, असं गटाचं ठरलं होतं.

ट्रायकोकार्डं, म्हणजे ट्रायकोग्रामा हा किडींच्या अंड्यांत वाढणारा बारीक मित्रकीटक ज्यांतून निघतो ती कार्डं, पुणे परिसरातल्या एका खासगी प्रयोगशाळेकडून घेतली. लेबलवर लिहिलेलं होतं ‘ट्रायकोग्रामा प्रेटिओसम, फक्त माद्या देणारा वाण’. लष्करी अळीसाठी शिफारस एकरी ५०,००० परोपजीवींची आहे. आठवड्याच्या अंतराने, किंवा कामगंध सापळ्यात ३ पतंग दिसू लागले की. एका कार्डावर १ सीसी, म्हणजे कोर्सायरा या तांदळावरच्या पतंगाची साधारण २०,००० अंडी असतात. त्या हिशेबाने १४ एकरांना एका वेळी ३५ कार्डं लागली. आठवड्याच्या अंतराने दोनदा कार्डं लावून झाली.

दुसऱ्यांदा कार्डं लावल्यावर चार दिवसांनी गटातल्या एका तरुणाने पानांवरचे अंडीपुंज खुडून एका बरणीत भरले आणि वर फडकं बांधलं. रोज निघणाऱ्या अळ्या तो काढून टाकत होता. अकराव्या दिवशी बरणीच्या काचेवर बारीक काळी चिलटं फिरताना दिसली. त्याने प्रयोगशाळेला फोन केला: “दादा, कार्डं लागू पडली! बरणीभर किडे निघालेत आपले.” पलीकडूनही तोच आनंद. तिसऱ्या ३५ कार्डांची मागणी तिथल्या तिथे नोंदवली गेली.

नेमकी अडचण

शंका काढली ती गटातल्या एका ताईंनी. कार्डांच्या तुकड्यांतून बाहेर पडणारे किडे त्यांनी स्वतः भिंगातून पाहिले होते. ते फिके, पिवळसर-तपकिरी आणि लाल डोळ्यांचे होते. बरणीतले मात्र डोक्यापासून शेपटापर्यंत चकाकते काळे. “एकाच आईची लेकरं इतकी वेगळी कशी?” हा त्यांचा प्रश्न पुण्यातल्या कीटकशास्त्र जाणणाऱ्या तिघांकडे आला.

त्या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले होते. बरणीतले किडे कोणते? कार्डातले किडे तरी लेबलवर लिहिलेलेच आहेत का? आणि सगळ्यात घाईचा: एका सभासदाने थायामेथोक्झाम आणि लॅम्डा सायहॅलोथ्रिनचं मिश्र कीटकनाशक आणून ठेवलं होतं, ते दोन दिवसांत मारायचं की थांबायचं?

नमुना आला तो सेलोटेपवर चिकटवून. अर्ध्या मिलिमीटरचा किडा टेपच्या डिंकात गेला की पंख चुरगळतात, पाय तुटतात आणि सोडवू पाहिलं तर डोकं वेगळं होतं. ओळखीच्या कामात हा अपघात इतका नेहमीचा आहे, की पाकीट उघडण्याआधीच त्याचा अंदाज येतो. नशिबाने बरणीत अजून काही जिवंत होते. ते फ्रीजरमध्ये ठेवून मारायचे, ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचलायचे आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकायचे, हे फोनवर सांगितलं. चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आतच टाकायची, हेही बजावलं. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

समोर असलेले रस्ते

पहिला रस्ता फोटोवरून सांगून टाकण्याचा. रंग वेगळा म्हणजे किडा वेगळा, इतकं धाडस करता आलं असतं. पण ट्रायकोग्रामाचा रंग वाढीच्या काळातल्या तापमानाप्रमाणे बदलतो. गारव्यात वाढलेले किडे गडद निघतात. आकार यजमानाच्या, म्हणजे ज्या किडीत तो वाढतो तिच्या, अंड्यावर ठरतो. लहान अंड्यातून खुजा किडा येतो, मोठ्या अंड्यातून धष्टपुष्ट, आणि कधी एका अंड्यातून दोन-तीनही. रंग आणि आकार शंका घ्यायला पुरतात, नाव द्यायला नाही.

दुसरा रस्ता सगळं थेट डीएनए तपासणीला धाडण्याचा. त्याला काही आठवडे लागले असते, आणि फवारणीचा निर्णय दोन दिवसांत हवा होता.

तिसरा रस्ता पायऱ्यापायऱ्यांनी जाण्याचा, तोच धरला. फवारणी आणि तिसरी कार्डं यांच्यासाठी किड्याचं कुळ कळलं तरी पुरे होतं, ते एका दुपारचं काम. जातीचं नाव लागणार होतं कार्डांच्या दर्जाचा वाद सोडवायला, आणि तो वाद थांबू शकत होता.

पहिली फेरी: बरणीतले किडे

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ४० पटीत पहिली नजर कमरेवर गेली. ट्रायकोग्रामाला कंबर अशी नसतेच, पोट छातीला रुंद चिकटलेलं असतं. इथे छाती आणि पोटाच्या मध्ये स्पष्ट आवळ होता, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना धारदार कड. अंगाचं कवच टणक आणि गुळगुळीत होतं.

मग पाय. पायाच्या टोकाला असलेली बारीक पेरं मोजणं ही सगळ्यात खात्रीची खूण, पण ती ४० पटीत नीट मोजता येत नाहीत. एक किडा ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून १०० आणि ४०० पटीत पाहिला. ट्रायकोग्रामाच्या कुळात ही पेरं ३ असतात. इथे ५ निघाली. पंखावरच्या केसांचीही साक्ष तीच होती. ट्रायकोग्रामाच्या रुंद, गोलसर पुढच्या पंखावर केस ओळींत उभे असतात. या पंखावर ते विखुरलेले होते. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या, मादीत टोकाची पेरं जाड होत गेलेली.

सगळं जुळलं ते टेलेनोमसशी. हाही अंड्यांवरचाच परोपजीवी, पण कुळ वेगळं. त्यातली टेलेनोमस रेमस ही जात १९६३ मध्ये पापुआ न्यू गिनीहून भारतात आणली गेली होती, तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीसाठी. लष्करी अळी त्या अळीचीच चुलत बहीण. मादी लष्करी अळीचा पतंग पुंजक्यात थरांवर थर अंडी घालतो आणि वर अंगावरच्या राखाडी खवल्यांची गोधडी पांघरतो. टेलेनोमस त्या गोधडीत शिरून आतल्या थरापर्यंत पोहोचते. ट्रायकोग्रामाला बहुतेक वेळा बाहेरच्या थरावर समाधान मानावं लागतं.

बाहेर पडायला लागलेले अकरा दिवसही याच बाजूने बोलत होते. पुण्याच्या पावसाळी हवेत टेलेनोमसला दहा-बारा दिवस लागतात, ट्रायकोग्रामा आठ-नऊ दिवसांत मोकळा होतो.

निकाल त्याच संध्याकाळी कळवला: बरणीतले किडे कार्डातले नाहीत. ते शिवारात आधीपासून होते आणि काम करत होते.

या टप्प्यावरचे दोन निर्णय

फवारणी थांबवली. त्या मिश्रणातला सायहॅलोथ्रिन हा पायरेथ्रॉइड गटातला. अंड्यांवर फिरणाऱ्या या किड्यांना तो अळीच्या आधी मारतो. ज्या दोन एकरांत पोंग्यांतला उपद्रव वाढलेला होता, तिथे हाताने अंडीपुंज वेचण्यावर भर दिला. वेचलेले पुंज जाळले नाहीत. पाणी आणि तेलाच्या पसरट थाळीत मधोमध वीट, विटेवर डबा, डब्यात पुंज. अळ्या बाहेर पडल्या की तेलात बुडतात, परोपजीवी उडून परत मक्यात जातात.

तिसऱ्या कार्डांबद्दल मात्र मतभेद झाला, आणि तो रास्त होता. बरणीत टेलेनोमस निघाली म्हणजे कार्डांनी काहीच केलं नाही, हे सिद्ध होत नाही. ट्रायकोग्रामा आठव्या-नवव्या दिवशी निघून फडक्याच्या विणीतून निसटलेही असतील. पुरावा म्हणून रिकामी टरफलं उरतात. ट्रायकोग्रामाने धरलेलं अंडं आतून काळं पडतं आणि किडा गेल्यावरही टरफल काळंच राहतं, बाजूला एक नीट गोल भोक. टेलेनोमस गेल्यावर टरफल फिकट, अर्धपारदर्शक दिसतं. बरणीतल्या कचऱ्यात दोन्ही प्रकार सापडले, पण सगळे पुंज एकत्र कुस्करलेले असल्याने कुठल्या पुंजात काय झालं, हे कळण्याचा मार्ग उरला नव्हता.

म्हणून मोजदाद पुन्हा केली. २४ अंडीपुंज, प्रत्येक वेगळ्या काचनळीत. तोंडाला झाकणाऐवजी घट्ट कापूस, कारण झाकणाने आत दव धरतं आणि हे किडे दवाच्या एका थेंबात बुडून मरतात. अंडी काळी दिसली म्हणून ती धरलेली आहेत असं नळीवर लिहायचं नाही, हेही सांगावं लागलं. लष्करी अळीचं निरोगी अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं आणि फुटण्याआधी आतल्या अळीचं काळं डोकं दिसतं. तीन दिवस उलटल्यावरही काळं आणि न फुटलेलं, तेच खरं धरलेलं.

निकाल: १३ पुंजांतून टेलेनोमस, ४ पुंजांत काळी टरफलं आणि ट्रायकोग्रामा, बाकी ७ पूर्ण फुटले. ट्रायकोग्रामाचे चारही पुंज खवल्यांची गोधडी विरळ असलेले होते. तिसरी मागणी रद्द झाली.

दुसरी फेरी: कार्डातले किडे

इथे प्रकरण मिटलं असतं. पण कार्डाचा एक तुकडा नळीत ठेवला होता, आणि त्यातून निघालेल्यांत काहींच्या शृंगिका झुपकेदार होत्या, लांब केसांच्या. ही नराची खूण. मादीची शृंगिका टोकाला गदेसारखी फुगते आणि केस आखूड असतात. लेबल म्हणत होतं फक्त माद्या.

प्रयोगशाळेच्या चालकांचं स्पष्टीकरण ऐकण्याजोगं होतं. “मे महिन्यात आठवडाभर एसी बंद होता, त्यामुळे नर आले असतील.” हे शक्य आहे. माद्यांतून फक्त माद्या जन्मतात त्या पेशींत राहणाऱ्या वोल्बाकिया नावाच्या जिवाणूमुळे, आणि ३० अंशांच्या आसपास किंवा वर वाढलेल्या पिढ्यांत हा जिवाणू क्षीण होऊन नर निघू लागतात. म्हणजे नर दिसणं हे भेसळीचं लक्षणही असू शकतं आणि उष्म्याचंही. दोन्हीतला फरक नराच्या जननांगात लिहिलेला असतो. उष्म्याने निघालेले नर प्रेटिओसमचेच असतील.

ट्रायकोग्रामाच्या जाती बाहेरून पाहून वेगळ्या करता येत नाहीत. आपल्याकडची सगळ्यात जास्त वापरली जाणारी चिलोनिस ही जात कित्येक वर्षं इव्हानेसेन्स, मिनुटम, ऑस्ट्रेलिकम अशा परक्या नावांनी वावरली. बंगळूरला सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी नराचं जननांग हा जातीचा खरा दाखला असल्याचं १९७१ पर्यंतच्या कामात दाखवलं, तेव्हापासून हा गोंधळ निस्तरत आला. आजही ओळखीच्या चाव्यांचा (खुणांवरून जातीचं नाव शोधायच्या तक्त्यांचा) पाया तोच आहे.

स्लाइड बनवताना काय बिघडलं

नर ७० टक्के अल्कोहोलमधून काढून पाण्यात, मग १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर. उकळायचं नाही. उकळलं की जननांगाची पातळ पट्टिका फुगून आकार बदलते, आणि तो आकारच तर वाचायचा असतो. नंतर पाण्यात धुऊन होयर माध्यमात, म्हणजे किडा काचेवर बसवायच्या डिंकाळ द्रवात. होयरचं प्रमाण असं: ऊर्ध्वपातित पाणी ५० मिली, पारदर्शक बाभळीचा डिंक ३० ग्रॅम, क्लोरल हायड्रेट २०० ग्रॅम, ग्लिसरीन २० मिली, याच क्रमाने आणि न तापवता. थेंब मोहरीएवढा. जास्त झाला की काच चढवताना किडा वाहत कडेला जातो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किडा पाठ वर करून बसवणं. तो कुशीवर वळला की पट्टिका कडेने दिसते आणि स्लाइड वाया जाते. १२ स्लाइडपैकी ३ याच कारणाने गेल्या. उरलेल्या ९ सुकायला ४० ते ४५ अंशांवर ठेवायला हव्या होत्या; पहिल्या दिवशी त्या टेबलावरच राहिल्या. ऑगस्टातल्या पुण्याच्या हवेत होयर सुकत नाही, उलट ओल ओढतं. दुसऱ्या सकाळी काचा सरकलेल्या होत्या. त्या नीट करून, ओव्हनमध्ये सुकवून, कडेने नेलपॉलिशची दोन वळी दिली.

४०० पटीत नऊही नर सारखेच दिसले. जननांगाच्या पाठीकडची पट्टिका त्रिकोणी आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठळक अर्धगोल खांदे. प्रेटिओसममध्ये हे खांदे इतके उठावदार नसतात. शृंगिकेवरचे केस लांब, टोकाकडे निमुळते, सर्वात लांब केस शृंगिकेच्या जाडीच्या सुमारे अडीचपट. नऊही नर चिलोनिस.

नरांनी न सांगितलेली गोष्ट

या ठिकाणी तपासणाऱ्यांपैकी एकाने अहवालात ‘कार्डांत प्रेटिओसम नाही’ असं लिहून टाकलं होतं. दुसऱ्याने ते खोडलं, आणि या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण तोच म्हणावा लागेल. प्रेटिओसमच्या या वाणाला एरवी नर नसतातच. त्यामुळे शंभर किड्यांत दोनच चिलोनिसचे नर असले, तरी स्लाइडवर येणारे सगळे नर चिलोनिसचेच असणार! नरांनी भेसळ आहे एवढं सांगितलं; किती आहे याबद्दल ते मुके होते.

प्रमाण काढायला मायक्रोस्कोप नव्हे, कोरी मादी लागते. कार्डावरची काळी अंडी सुईने एकेक सोडवून ४० छोट्या नळ्यांत ठेवली, म्हणजे निघालेल्या मादीला नराची गाठच पडणार नाही. ८ नर निघाले, ४ अंडी फुटलीच नाहीत, २८ माद्या मिळाल्या. प्रत्येकीला काचेवर मधाची बारीक रेघ आणि अतिनील दिव्याखाली निर्जीव केलेल्या ताज्या कोर्सायरा अंड्यांची पट्टी दिली. खोली २५ ते २६ अंशांवर ठेवली, म्हणजे उष्म्याचं कारण मध्ये यायला नको.

दोघींनी काहीच दिलं नाही. १६ माद्यांना फक्त मुलगे झाले, १० जणींना फक्त मुली. नराशिवाय मुलगेच होणं ही चिलोनिससारख्या साध्या वाणाची रीत. तरीही त्या प्रत्येक रांगेतल्या (एका मादीची लेकरं म्हणजे एक रांग) एका मुलाची स्लाइड करून खात्री केली, सगळे चिलोनिस. मुली देणाऱ्या १० रांगांतल्या माद्या निर्जल अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी पाठवल्या, कारण वोल्बाकिया इतर जातींतही सापडतो आणि मुली झाल्या म्हणजे प्रेटिओसमच, असं म्हणता येत नाही. डीएनएतल्या आयटीएस-२ या तुकड्यावरून त्या प्रेटिओसम ठरल्या.

नर धरून ३४ पैकी २४ चिलोनिस.

निष्पत्ती

प्रयोगशाळेत उसाच्या खोडकिड्यासाठीचा चिलोनिस आणि मक्यासाठीचा प्रेटिओसम एकाच खोलीत वाढत होते, कार्डं कापायचं टेबल एकच, आणि कोर्सायराची अंडी एकाच चाळणीतून. दोन्ही जाती त्याच अंड्यांवर पोसतात, त्यामुळे शिरकाव झाल्याचं कार्ड पाहून कळत नाही; अंडी तितकीच काळी, फुटण्याचं प्रमाण तितकंच चांगलं. चालकांनी जुनं संवर्धन उसाच्या कामाला वळवलं आणि डीएनएने पक्क्या झालेल्या १० रांगांतून प्रेटिओसम नव्याने उभा केला, वेगळ्या खोलीत. दर महिन्याला कार्डाचा एक तुकडा नळीत ठेवून नर दिसतो का, एवढं पाहायचं ठरलं. माद्यांच्याच वाणात एक झुपकेदार शृंगिका ही पुरेशी धोक्याची घंटा.

टेलेनोमसचे नर आणि माद्या जातीसाठी तज्ज्ञांकडे गेले होते. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: टेलेनोमस रेमस. तोवर मका कापून मुरघास दाबून झालेला होता. त्या १४ एकरांत पायरेथ्रॉइडची फवारणी झाली नाही. दोन एकरांत पाल्याचं नुकसान मात्र दिसण्याइतकं झालं, आणि ज्याने औषध आणून ठेवलं होतं त्याने ते गटाच्या बैठकीत बोलूनही दाखवलं.

वेगळं काय करता आलं असतं

कार्डं लावण्याच्या आधी दोन दिवस अंडीपुंज गोळा केले असते, तर टेलेनोमस तिथे आधीच आहे हे कळलं असतं आणि ७० कार्डांचा खर्च करावा का, यावर निदान चर्चा झाली असती. काहीही सोडण्याआधी शिवारात काय आहे ते पाहायला वीस काचनळ्या आणि कापूस लागतो.

प्रत्येक खेपेच्या कार्डाचा एक चौरस सेंटिमीटर तुकडा अल्कोहोलमध्ये जपून ठेवायला हवा होता. तपासलेलं कार्ड दुसऱ्या खेपेचं होतं. पहिल्या खेपेत भेसळ होती की नाही, हा प्रयोगशाळा आणि गट यांच्यातला वाद अजून तसाच आहे, कारण दाखवायला काही उरलेलं नाही.

कोऱ्या माद्यांची चाचणी स्लाइडच्या आधी सुरू करता आली असती. दोन्हींना लागणारा वेळ वेगळा. नळ्या कोनाड्यात पडून असताना स्लाइड सुकल्या असत्या आणि दहा दिवस वाचले असते.

आणि त्या पहिल्या बरणीतून निघालेल्या शेकडो किड्यांपैकी आज हातात आहेत ते सेलोटेपवरचे अकरा, पंख चुरगळलेले.